'वास्तवदर्शी' यांना उत्तर : माणसं चार, टाकी वीस जणांची

नमस्कार 'वास्तवदर्शी',

सेप्टिक टँकच्या मापावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "घरात माणसं चार आणि टाकी वीस जणांची, हा शुद्ध येडेपणा. ठेकेदाराकडून कमिशन मिळतं का काका?" शिवाय, भाद्रपदात कोकणात टाकीतलं पाणी जमिनीत मुरवणारा शोषखड्डाच पाण्याने भरलेला असतो, मग टाकी मोठी करून उपयोग काय, असंही विचारलंत.

काका म्हणालात, हरकत नाही, वय झालंय. पण काका म्हणायचं आणि त्याच दमात कमिशन विचारायचं, ही कुठली रीत? मी निदान स्वतःच्या नावाने लिहितो.

एक चूक कबूल. टाकीची लांबी रुंदीच्या दुप्पट ते चौपट हवी, माझ्याकडून ते उलटं लिहिलं गेलं. दुरुस्त केलंय.

आता तो येडेपणा. सेप्टिक टँकसाठीच्या भारतीय मानक २४७० मध्ये पाच माणसांसाठी टाकी दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि पाण्याची खोली एक मीटर दिली आहे. म्हणजे सव्वाअकराशे लिटर, तेही दरवर्षी टाकीतल्या गाळाचा उपसा करणार असाल तर. वीस जणांसाठी २.३ बाय १.१ आणि खोली १.३, म्हणजे जवळपास तेहतीसशे लिटर. हे आकडे मी घरी बसून काढलेले नाहीत. प्रश्न एवढाच, की माणसं मोजायची कधी? एरवीच्या दिवसांत की गणपतीत?

आमच्या वडिलांनीही तुमच्यासारखंच मोजलं होतं. "आम्ही दोघंच तर असतो," म्हणून टाकी पाच जणांची. गुहागरकडच्या आमच्या घरी २००१ च्या गणपतीला मुंबईहून सगळे आले, तेवीस माणसं. गौरीच्या दिवशी वहिनी गौरीला वाहायचं ओवशाचं सूप घेऊन आत शिरल्या आणि मागल्या बाजूला संडासाचं भांडं बुडबुडायला लागलं. दुपारपर्यंत चेंबरच्या झाकणाच्या कडेने काळं पाणी परसात. चुलीवर हळदीच्या पानातल्या पातोळ्या वाफवत होत्या. त्या वासात तो वास. तेव्हापासून पातोळ्या पुढे आल्या की मला अजून तेच परसू आठवतं. बायामाणसं दोन दिवस शेजाऱ्यांकडे बालदी घेऊन जात होती. तुम्ही असं काही पाहिलेलं दिसत नाही, नाहीतर 'येडेपणा' हा शब्द इतक्या सहज सुचला नसता.

गवंडी येऊन म्हणाला, टाकी ठीक आहे, शोषखड्डा तुंबलाय. अहो, पण तुंबला कशाने? सांडपाणी टाकीत दिवसभर तरी थांबलं तर गाळ तळाला बसतो, तवंग वर राहतो. पाच जणांच्या टाकीत तेवीस जणांचं पाणी ढकललं की गाळ बसायच्या आत पुढे निघतो आणि शोषखड्ड्याची छिद्रं बुजवतो. टाकी लहान म्हणून खड्डा गेला. हे गवंड्याला पटलं नाही, तुम्हालाही पटणार नाही.

पावसातल्या भूजलाचा तुमचा मुद्दा वेगळा आहे, त्यावर सवडीने कधीतरी. खर्चाचं म्हणाल तर चिरे आणि मजुरी थोडी जास्त लागते, पण टाकीचा खड्डा एकदाच खणायचा असतो.

पुढच्या वेळी कमिशनचा हिशेब विचारण्याआधी तुमच्या टाकीचं आतलं माप आणि शेवटचा उपसा कधी केलात, तेवढं कळवा.