तपास अधिकारी होऊ इच्छिणाऱ्यांस

गुन्ह्याचा तपास शिकावा असे आपल्या मनात आले असेल, तर कायद्याची पुस्तके बाजूला ठेवून १९९८ पासून वीस वर्षे सोनी वाहिनीवर चाललेली ‘सीआयडी’ ही मालिका मन लावून पाहावी. खऱ्या सीआयडीचे, म्हणजे महाराष्ट्राच्या गुन्हे अन्वेषण विभागाचे, मुख्यालय पुण्यात आहे आणि मुंबईतल्या खुनांचा तपास सहसा स्थानिक ठाणे किंवा गुन्हे शाखा करते, असल्या क्षुल्लक गोष्टींनी विचलित होऊ नये.

बंद दार दिसताच बेल वाजवण्याचा भित्रेपणा टाळावा. मालिकेत दारे तोडणाऱ्या दयानंद शेट्टी यांच्यासारखा मूळचा थाळीफेकपटू सोबत असला म्हणजे झाले. दाराच्या जाडीविषयी मात्र सुताराशी आधीच बोलून ठेवावे.

घटनास्थळी पंच शोधत बसू नये. खऱ्या हवालदाराला कोपऱ्यावरच्या पानवाल्याला गळ घालावी लागते, साक्षीला कोर्टात यावे लागेल हे कळताच तो दुकान बंद करून नाहीसा होतो, मग दुसरा गाठावा लागतो, आणि रक्ताचा डाग पूर्वेच्या भिंतीपासून किती अंतरावर होता हे लिहून, मुद्देमालावर लाख लावून सह्या घेईपर्यंत रात्र होते. आपण हातमोज्याने वस्तू उचलावी, प्लास्टिकच्या पिशवीत टाकावी आणि निघावे. प्रमुख अधिकाऱ्याची भूमिका करणारे शिवाजी साटम पूर्वी बँकेत नोकरीला होते. सहीशिवाय कागद पुढे सरकत नाही हे त्यांच्याहून अधिक कोणाला ठाऊक असणार? पण प्रद्युमन साहेबांनी पंचनाम्यावर सही केल्याचे निदान आमच्या तरी पाहण्यात नाही.

शवविच्छेदन, विषपरीक्षा आणि डीएनए ही तिन्ही कामे मालिकेतल्या एकट्या डॉ. साळुंखे यांच्यावर सोपवावीत. खऱ्या जगात शवविच्छेदन रुग्णालयात होते, राखून ठेवलेला व्हिसेरा, म्हणजे मृताच्या अवयवांचे नमुने, मुंबईतल्या कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातो आणि अहवालाला कित्येकदा महिने लागतात, परंतु एवढा धीर जाहिरातदारांना कुठला!

या मंडळींना चिकाटीच नाही, असे मात्र समजू नये. याच मालिकेने २००४ मध्ये १११ मिनिटांचा भाग एकाही कटशिवाय चित्रित करून विक्रम केला. तेवढ्या वेळात खरा पंचनामा जेमतेम दुसऱ्या पानावर येतो.

शेवटी संशयिताच्या एक कानाखाली द्यावी, म्हणजे तो हेतू, हत्यार आणि वेळ यांसह सगळे क्रमवार सांगतो. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, असे १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम २५ सांगत असे. पण आपल्याला न्यायालयात जायचेच कुठे आहे? फाशीची शिक्षा जागच्या जागी, आपल्याच तोंडाने जाहीर करून टाकावी.