‘तीन काहिली बसवा, जळण निम्मं’: गुऱ्हाळवाल्यांनी आधी हिशेब बघावा

दिवाळी जवळ आली की शिराळा, वाळवा, कराड भागातल्या गुऱ्हाळवाल्यांच्या मोबाईलवर एक मजकूर फिरायला लागतो. त्यातला सल्ला असा: एका काहिलीचं (रस आटवायच्या मोठ्या पसरट कढईचं) चुलवाण मोडा, एकाच जाळावर तीन काहिली ओळीनं बसवा, धुरांड्याकडच्या काहिलीत कच्चा रस तापवा, जळण निम्म्यावर येईल. जोडीला आणखी सूचना आहेत. तिन्ही काहिली एका मापाच्या घ्या, धुरांडं जमेल तितकं उंच करा, रस उतारानं पुढं सोडा. हे वाचून लोक थेट गवंड्याला बोलावतात, कर्ज काढतात. म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देणं भाग आहे.

आधी ‘निम्मं जळण’ बघू. एक टन उसापासून घाण्यावर साधारण ६०० किलो रस मिळतो. तो १८ ब्रिक्सचा (म्हणजे शंभर किलो रसात १८ किलो विरघळलेली साखर वगैरे) धरला तर गूळ होतो ११० ते ११५ किलो, आणि ४८५ किलोच्या आसपास पाणी वाफ करून घालवावं लागतं. खरी उष्णता खाते ती ही वाफ. रस नुसता उकळीला आणायला एकूण उष्णतेचा जेमतेम सातवा हिस्सा लागतो. म्हणजे धुराच्या फुकट उष्णतेवर सगळा रस उकळीला आला, तरी वाचेल तो सातवा हिस्साच. त्याहून जास्त वाचवायचं तर मागच्या काहिलींमध्ये रस आटलाही पाहिजे. तेवढी धग मागं पोचायला चुलवाणाची जाळी, धुराचा बोगदा आणि काहिलीखालच्या फटी नीट बांधलेल्या हव्यात. काहिलींची संख्या वाढवून ते काम होत नाही. एका काहिलीच्या चुलवाणात बरीच धग धुरांड्यातून वाया जाते, हे मात्र खरं, आणि ती वापरायलाच हवी.

‘तिन्ही काहिली एका मापाच्या’ हा सल्ला सगळ्यात महागात पडेल. शेवटी ६०० किलोचा माल पाचव्या हिश्शावर येतो. मोठ्या काहिलीत तो तळाशी पातळ पसरतो आणि वरच्या कोरड्या पत्र्याला धग लागत राहते. तिथं चिकटलेला पाक करपतो, गूळ काळा पडतो आणि सौद्यात भाव उतरतो. मग रंगासाठी हायड्रॉस (गूळ उजळ करणारी रासायनिक पूड) मारायचा मोह होतो. फार लहान काहीलही चालत नाही, कारण पाक फेसाळून वर येतो. त्याला वर मोकळी जागा लागते.

आता गुळव्या, म्हणजे गूळ उतरवणारा कारागीर, शेवटी काय करतो ते आठवा. पाक थंड पाण्यात टाकून तो बोटांत गोळी वळतो. ढेपेच्या गुळाला ११६ ते ११८ अंश लागतात, काकवी १०५-१०६ ला उतरवतात. गोळी जमली की त्याला जाळ तिथल्या तिथं कमी हवा असतो. एका जाळावर तीन काहिली असल्या की तो अडकतो: जाळ ओढला तर मागच्या दोन काहिली थंडावतात, चालू ठेवला तर पुढचा पाक करपतो. शिवाय वाफ्यात (पाक निववायच्या उथळ हौदात) ओतायला काहील उचलली की चुलवाणाचं तोंड उघडं पडतं. धुरांडं तिथूनच गार हवा ओढतं आणि मागची उकळी बसते. म्हणून एकतर भरलेली दुसरी काहील लगेच चढवायची सोय हवी, नाहीतर शेवटच्या आटवणीला वेगळं लहान चुलवाण हवं. कोलंबियात पनेला नावाचा गूळ करतात. तिथंही काहिलींची ओळ असते, पण काही भट्ट्यांत शेवटची आटवण मुद्दाम सगळ्यात तीव्र धगीपासून बाजूला ठेवतात.

धुरांड्याच्या उंचीबद्दल फार बोलायला नको. उंची दुप्पट केली तर ओढ वाढते, पण वारा साधारण दीडपटीच्या आतच वाढतो. वारा कमी-जास्त करणारी झडप नसेल तर तो वारा धग घेऊनच बाहेर पडतो. आधी झडप बसवा.

धुरांड्याकडच्या काहिलीत कच्चा रस ठेवायला माझी हरकत नाही. तिथं तो सावकाश तापतो, ८०-८५ अंशांच्या आसपास मळी वर येते आणि भेंडीचं पाणी घालून ती निवांत काढता येते. पण पुढची काहील रिकामी व्हायची वाट बघत रस तासन्‌तास कोमट पडून राहिला तर त्यातली साखर फुटते. मग गूळ चिकट होतो, ढेप बसत नाही. म्हणून घाणा किती रस देतो आणि एक आधण, म्हणजे एका वेळी काहिलीत घेतलेला रस, किती वेळात उतरतं, याचा मेळ आधी घाला. घाणा लहान असेल तर दोन काहिली पुरतात.

उताराचा सल्ला मात्र बरोबर आहे. धुराचा बोगदा धुरांड्याकडं चढता ठेवता येतो आणि रस उलट दिशेनं जाळाकडं उतरतो. शिराळा किंवा पाटणच्या डोंगरउतारावर त्याला भरावही कमी लागेल. फक्त मळी काढणाऱ्याला प्रत्येक काहिलीपाशी कमरेच्या उंचीला उभं राहायला रुंद, न घसरणारा ओटा ठेवा, आणि उकळत्या रसाची पन्हळ माणसांच्या वाटेवरून नेऊ नका.