टीएसएच नॉर्मल, म्हणजे थायरॉइड नॉर्मल? नेहमीच नाही

थायरॉइडबद्दलचा एक मेसेज घरोघरच्या ग्रुपांवर फिरतोय. त्यातला दावा असा: 'टीएसएच नॉर्मल म्हणजे थायरॉइड नॉर्मल. टीएसएच जास्त म्हणजे थायरॉइड मंद, गोळी वाढवा. टी-थ्री, टी-फोर ही लॅबवाल्यांची लूट. आणि थायरॉइड जोरात चालत असेल तर ग्रंथीच काढून टाका, विषय संपला.'

पहिलं वाक्य बहुतेकांच्या बाबतीत खरं ठरतं. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच हे थायरॉइडला चालना देणारं हार्मोन सोडते आणि त्याच्या जोरावर गळ्यातली थायरॉइड ग्रंथी काम करते. रक्तात थायरॉइडचं हार्मोन वाढलं की पिट्युटरी हात आखडता घेते, कमी झालं की टीएसएच वाढवते. म्हणून एका आकड्यावरून दुसऱ्याचा अंदाज येतो. पण त्यासाठी पिट्युटरी धड असावी लागते, आणि मेसेज नेमकं हेच गृहीत धरतो.

पिट्युटरीतच टीएसएच बनवणारी गाठ झाली तर ती या हिशेबाला जुमानत नाही. हार्मोन कितीही वाढलं तरी टीएसएच सुटतच राहतं. अशा माणसाचा रिपोर्ट समोर धरा: टीएसएच ३.२, अगदी मर्यादेत. त्याखालच्या ओळीत फ्री टी-फोर, म्हणजे रक्तात मोकळं फिरणारं थायरॉइडचं हार्मोन, ३.१, जिथे साधारण १.८ च्या आत हवं. वरची एकच ओळ वाचली तर सगळं छान आहे. पेशंटची मात्र छाती धडधडतेय, हात थरथरतायत, भरपूर खाऊनही वजन उतरतंय. हार्मोन इतकं चढलेलं असताना टीएसएच जवळपास शून्यावर यायला हवं होतं. ते ३.२ आहे, आणि इथे तोच आकडा नॉर्मल नाही.

हा आजार दुर्मिळ आहे, दहा लाखांत एखाद्याला होणारा. त्यामुळे हे वाचून कुणी एमआरआयसाठी धावू नये. फ्री टी-फोर वाढलेलं आणि तरीही टीएसएच खाली न आलेलं दिसलं तर आधी साधी कारणं पाहतात. एरवी थायरॉइडच्या हार्मोनच्या गोळ्या चुकवणारा पेशंट तपासणीच्या आधी चार दिवस नेमाने गोळी घेतो, तेव्हाही असा रिपोर्ट येऊ शकतो. कधी चाचणीतच गडबड असते, मग दुसऱ्या पद्धतीने पुन्हा तपासतात. शरीर थायरॉइडच्या हार्मोनला दाद देत नाही असा एक आनुवंशिक आजारही आहे. त्यात रिपोर्ट हुबेहूब असाच येतो, म्हणून घरातल्यांचीही तपासणी करतात. हे सगळं बाजूला पडल्यावर पिट्युटरीचा एमआरआय.

'टीएसएच जास्त, गोळी वाढवा' हा सल्ला मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. गाठीमुळे टीएसएच वाढलं असेल तर आधीच हार्मोनने बेजार झालेल्या शरीरात आपण आणखी हार्मोन ओततो. वय झालेल्या माणसाच्या हृदयाची लय त्याने बिघडू शकते.

लुटीच्या आरोपाबद्दल एवढंच, की दरवेळी सगळं पॅकेज करायची गरज नाही हे खरं. पण लक्षणं आणि टीएसएच यांचा मेळ बसत नसेल तर फ्री टी-फोर करायलाच हवं. उलट बाजूही आहे: बाळंतपणात अतिरक्तस्राव होऊन पिट्युटरी दुबळी झालेल्या बाईचं टीएसएच नॉर्मल दिसतं आणि थायरॉइडचं हार्मोन मात्र खाली गेलेलं असतं. तिचा थकवाही याच एका ओळीमुळे वर्षानुवर्षं दुर्लक्षित राहतो.

राहिलं ग्रंथी काढण्याचं. ग्रेव्हज आजारात दोष थायरॉइडला चेतवणाऱ्या अँटीबॉडीजचा असतो. तिथे ग्रंथी काढणं किंवा किरणोत्सर्गी आयोडीन देणं हा रास्त उपाय आहे. पिट्युटरीच्या गाठीचे कितीतरी पेशंट ग्रेव्हज समजून याच वाटेने गेले आहेत. धडधड थांबते, पण गाठ जागेवरच राहते. थायरॉइडच्या हार्मोनचा उरलासुरला वचक गेल्यावर ती आणखी वाढू शकते, आणि वर असलेल्या दृष्टीच्या नसांवर दाब आला की दोन्ही बाजूंचं दिसणं कमी होतं. चालताना दाराच्या चौकटीला खांदा आपटतो, बाजूने येणारी गाडी दिसत नाही.

खरा उपचार पिट्युटरीवर होतो. नाकावाटे शस्त्रक्रिया करून गाठ काढतात, कवटी उघडावी लागत नाही. गाठ पूर्ण निघाली नाही तर ऑक्ट्रिओटाइड किंवा लॅनरिओटाइडची इंजेक्शनं बहुतेकांचं टीएसएच आटोक्यात आणतात. या गाठी जवळजवळ नेहमीच कॅन्सरच्या नसतात. गाठ वेळेत सापडली तर गळ्यातल्या ग्रंथीला हात लावावा लागत नाही.