नागाक हा अयोध्येहून गेलेला शंख नाही

सोलच्या राजवाड्यासमोर पिवळ्या अंगरख्यातले वादक भलामोठा शंख फुंकतात, तो व्हिडिओ सगळ्या ग्रुपांवर फिरतोय. खाली मजकूर: ‘हा आपलाच शंख. अयोध्येच्या राजकन्येने कोरियाला नेला. नाव नागाक, म्हणजे नाग. त्यातून ॐ निघतो.’ मला शंखाचा आवाज लहानपणापासून प्रिय आहे, म्हणूनच हे खोडून काढायला बसले.

आधी नाव. ‘ना’ म्हणजे शंख, ‘गाक’ म्हणजे शिंग. शब्द चिनी अक्षरांवरून आलेले. नागाचा काही संबंध नाही.

राजकन्येची कथा मात्र कोरियाचीच आहे. तेराव्या शतकातल्या ‘सामगुक युसा’ या ग्रंथात अयुता देशाची हो ह्वांग-ओक इ.स. ४८ मध्ये गलबतातून येते आणि राजा सुरोची राणी होते. तिच्याबरोबर रेशमी वस्त्रं, सोनं-चांदी, रत्नं, दगडी पॅगोडाही येतो. शंखाचा उल्लेख नाही. आणि अयुता म्हणजे अयोध्याच, यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

‘आपलाच शंख’ हेही डोळ्यांनी तपासता येतं. देवघरातला शंख पांढरा, जड, गुळगुळीत. नागाकचा लांबट, निमुळता, तपकिरी नक्षीचा; वेगळ्याच जातीच्या गोगलगायीचा. शंख फुंकायला कुणी कुणाकडून शिकावंच लागतं असंही नाही. फ्रान्समधल्या मार्सुला गुहेत टोक फोडून वाजवता येईल असा केलेला शंख सापडलाय, सुमारे १८,००० वर्षांपूर्वीचा!

राहिला ॐ. नागाकमधून एकच खर्ज, घुमणारा सूर निघतो, ओठांच्या कंपनाने, तुतारीसारखाच. तो मुख्यतः पूजेसाठी नाही. ‘देछ्विता’ या राजाच्या मिरवणुकीच्या लष्करी संगीतात वाजतो. ‘छ्वि’ म्हणजे फुंकणं, ‘ता’ म्हणजे बडवणं. हातात छडी घेतलेला म्होरक्या आरोळी देतो, घंटा पडते आणि वादन सुरू होतं. चाल वाजवते ती सनईच्या जातीची थेप्योंगसो.

भारताशी खरं नातं हवंच असेल तर ते बौद्ध सूत्रांत शोधा. धर्माचा शंख फुंकण्याची उपमा तिथे आहे, आणि ती सूत्रं चीनमार्गे कोरियात पोचली. राजकन्येच्या गलबतापेक्षा ही वाट मला कितीतरी मोलाची वाटते.

आणि तो व्हिडिओ मजकूर न वाचता पुन्हा लावा. नाबाल नावाचा लांब पितळी कर्णा थांबतो, त्या जागी नागाक उठतो; दोघं आळीपाळीने वाजतात. तेवढ्यासाठी आवाज मोठा करा.