गव्हांकुराचा थर्मास वॉर्डात नेऊ नका

सोमवारी सेलूहून मावशीचा फोन आला. मावसभाऊ चाळिशीच्या आतला, एएमएल म्हणजे रक्ताचा तीव्र कॅन्सर, पहिली केमो होऊन बारावा दिवस. "ग्रुपवर आलंय बघ, केमोनंच माणूस जातो म्हणतेत. मी रस घेऊन निघालेय."

मेसेज तुमच्याकडेही आला असेल. मोठ्या माणसाचा ब्लड कॅन्सर बरा होतच नाही, केमो म्हणजे विष, २१ दिवस गव्हांकुराचा कच्चा रस प्या, पपईच्या पानांनी प्लेटलेट वाढवा, साखर तोडा म्हणजे कॅन्सर उपाशी मरतो. खाली 'दहा जणांना पाठवा'.

रसापासून सुरू करतो, कारण तो थर्मास तेव्हा एसटीत होता. जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी एरवी एका मायक्रोलिटर रक्तात दीड हजाराच्या वर असतात. या केमोनंतर त्या ५०० च्या खाली येतात, कधी १०० च्याही. तोंड आलेलं, आतड्याचं अस्तर सोललेलं. अशा माणसाला शेणखताच्या कुंडीतलं गवत न उकळता, वाटून पाजायचं? आपल्याला त्यातले जंतू पचून जातात. त्याच्या रक्तात उतरले तर एका रात्रीत खेळ संपू शकतो. १०० च्या वर ताप गेला की डॉक्टर अँटिबायोटिकसाठी धावपळ करतात ती हौस म्हणून नाही.

'केमोनं माणूस जातो' यात अर्धं खरं आहे, मानावंच लागतं. पहिल्या महिन्यात काही जण संसर्गाने, रक्तस्रावाने दगावतात. पण उपचारच न घेतलेला तीव्र ल्युकेमियाचा रुग्ण बहुतेक वेळा काही आठवडे, फार तर काही महिने काढतो. हे मात्र मेसेजवाल्याने गाळलं.

'बरा होतच नाही' म्हणे. कोणता? यातलाच एक प्रकार एपीएल. २०१३ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये इटली-जर्मनीतल्या रुग्णांचा अभ्यास आला. फार जास्त धोका नसलेल्या एपीएलमध्ये एट्रा (अ-जीवनसत्त्वापासून बनवलेली गोळी) आणि आर्सेनिक घेतलेले ९९ टक्के रुग्ण दोन वर्षांनी जिवंत होते. एट्रासोबत केमो घेतलेल्यांत ९१ टक्के. आर्सेनिक म्हणजे आपला सोमल. (लगेच कुणाकडे सोमल मागायला जाऊ नका, हा शिरेतून, मोजून, ईसीजीवर नजर ठेवून देतात.) सगळ्यांचं नशीब असं नसतं. साठीपुढचं वय, निदानाच्या वेळीच लाखावर गेलेल्या पांढऱ्या पेशी, टीपी५३ सारख्या जनुकातला बिघाड, यांनी वाट अवघड होते. भावाचा जनुकांचा रिपोर्ट अजून यायचाय.

पपईचं पान डेंग्यूच्या मेसेजातून इकडे आलंय. इथे प्लेटलेट कमी असतात कारण अस्थिमज्जा कॅन्सरच्या पेशींनी भरलेली असते, त्यात केमोची भर. पान तिथे काय करणार? आणि साखर तोडली तरी शरीर ग्लुकोज बनवतंच; आधीच वाळलेल्या माणसाचा भात-पोळी तोडून तो फक्त आणखी वाळतो.

मावशीला परभणीच्या स्टँडवर गाठून थर्मास ओतायला लावला. रागावली. राग गेल्यावर विचारलं, मग मी नेऊ तरी काय?

प्लेटलेट देणारे ने, म्हटलं. मशीनवर दीड-दोन तास बसावं लागतं, हाताची शीर चांगली लागते, तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलेली चालत नाही. दोघं तयार झालेत. अजून चार तरी हवेत.