‘काय फरक पडतोय’ म्हणणाऱ्या सगळ्यांना

आज डोकं तापलंय, म्हणून लिहायला बसले. पोस्ट मोठी होणार आहे, आधीच सांगते.

सध्या इथं बेळगावात आम्ही गल्लीतल्या चार-पाच जणी मतदार यादी घेऊन संध्याकाळी घरोघरी जातोय. कुणाचं नाव आहे, कुणाचं गळालंय, कुठली मुलगी लग्न होऊन गेली, कोण अठरा वर्षांचं झालं, एवढंच बघायचं. कुठल्या पक्षाचं काम नाही. आज एका घरी गेलो. मुलगा इंजिनिअर, पुण्याच्या कंपनीत, सध्या इथूनच काम करतो. यादीकडे बघितलंसुद्धा नाही त्यानं. म्हणाला, "काकी, काय फरक पडतोय ओ? कुणालाही घातलं तरी तेच. मी बातम्या बघायच्यापण सोडल्यात. डोक्याला ताप नुसता." आणि आत वळून आईला म्हणाला, "तुझंही राहू दे गं. उन्हात कुठं उभी राहतेस?"

आईचं राहू दे! आईला विचारलंस का रे बाबा?

मी तिथं काही बोलले नाही. दुसऱ्याच्या उंबऱ्यावर उभं राहून भांडायची आपल्यात पद्धत नाही. पण घरी आल्यापासून तेच डोक्यात फिरतंय, आणि मला माझी आत्ती आठवतीय.

1996 ची लोकसभा. तरुण पोरांना माहीत नसेल म्हणून सांगते. बेळगाव मतदारसंघात त्या वर्षी 456 उमेदवार उभे होते. चारशे छप्पन्न! सीमाप्रश्नाकडे, म्हणजे बेळगावचा मराठी भाग महाराष्ट्रात घाला या मागणीकडे, दिल्लीचं लक्ष जावं म्हणून गावागावातून, गल्लीगल्लीतून माणसं अर्ज भरून आली होती. अनामत 500 रुपये होती. आमच्या गल्लीतल्या उमेदवाराची अनामत वर्गणी काढून भरली होती. माझं ते पहिलंच मतदान, मी कॉलेजात होते. आत्तीला लिहायवाचायला येत नव्हतं. जन्मभर मागाच्या कांड्या भरल्या तिनं. आदल्या रात्री तिनं मला उमेदवाराचं चिन्ह कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला काढून द्यायला लावलं. ते चिमणीच्या उजेडात धरून बघत बसली होती. लाइट गेली होती. मी म्हटलं, आत्ती, एवढी नावं आहेत, सापडणार हाय का तुला? तर म्हणाली, "तू काढून दे की, मी हुडकतो."

आमच्याकडच्या बायका ‘मी हुडकतो’च म्हणतात, बाहेरच्यांनी हसू नये.

तर ही माझी आत्ती. आणि आजचा हा पोरगा. त्याला यादीतलं नाव बघायलाही अंगठा हलवायचा नाही.

राग राग लिहितेय खरं. पण त्या पोराला दुसऱ्या बाजूनं काय वाटत असेल तेही मला कळतं. आपण सगळेच सध्या घाबरून आहोत. निवडणूक आली की आपल्याकडे काय होतं ते वेगळं सांगायला नको. कुठंतरी फलकावरून भांडण, कुठंतरी बसला काळं, की लगेच कोल्हापूरच्या गाड्या राज्याच्या हद्दीवरच्या कोगनोळीपर्यंतच. कामावर जाणारा तिथं अडकतो, दवाखान्याला निघालेली म्हातारी तिथं अडकते. ज्यांनी दगड मारला त्यांच्या घरातलं कुणी त्या बसमध्ये नसतं. रात्री साडेअकराला फोन वाजतो, कुठलातरी व्हिडिओ, खरा की खोटा कुणी बघत नाही, खाली लिहिलेलं असतं ‘सर्वांना पाठवा’. मग झोप जाते. माझीही जाते. गेल्या वेळी महिनाभर मी बीपीची गोळी वाढवून घेतली होती.

आमच्या शेजारच्या वहिनी कन्नड. त्यांचं सासर धारवाडकडचं. तीस वर्षं भिंतीला भिंत लागून राहतोय. परवा कुंपणापाशी उभ्या राहून मला म्हणाल्या, "अक्का, मुलगा रात्री उशिरा येतो, नंबर प्लेट बघून कोण काय करेल ही भीती वाटते." मी म्हटलं, वहिनी, माझाही कोल्हापूरला जातो, मला तीच भीती वाटते. दोघी गप्प झालो. मग त्यांनी कढीपत्ता तोडून दिला आणि आपापल्या कामाला गेलो. ही भीती कुणीतरी वाटतंय आपल्याला, दर निवडणुकीला. एका घरात मराठीत, एका घरात कन्नडमध्ये. आणि भीती वाटली की माणूस दोनच गोष्टी करतो, एकतर ओरडतो नाहीतर दार लावून घेतो. दोन्हीत कुणाचा फायदा होतो ते तुम्हाला कळतंय.

त्यामुळे मी घरात एक केलंय. बातमी सकाळच्या पेपरात वाचायची. रात्री नऊनंतर ग्रुप बंद. आलेला व्हिडिओ पुढं पाठवायचा नाही, कितीही आपल्या बाजूचा असला तरी. आणि जो वेळ वाचतो तो यादीला. खरं सांगते, यादी घेऊन फिरायला लागल्यापासून मला झोप लागते. हाताला काम असलं की काळजीला जागा कमी मिळते.

आता तुम्ही म्हणाल, एवढं करून मिळालं काय? 1956 च्या 1 नोव्हेंबरला आपल्याला म्हैसूर राज्यात घातलं. त्या आधी जानेवारीत माणसं गोळीबारात गेली. सीमावादासाठी महाजन आयोग झाला, 1967 ला अहवाल आला, बेळगाव तिकडेच. 1986 ला कन्नड सक्तीच्या आंदोलनात परत गोळ्या, हिंडलग्याला हुतात्मा स्मारकावर आपण दर 1 जूनला जातो. 2004 पासून महाराष्ट्राचा दावा सुप्रीम कोर्टात आहे. 2018 ला आपल्या महाराष्ट्र एकीकरण समितीचा एक आमदार नाही आला. 2023 लाही नाही. 2021 ला महापालिकेत 58 पैकी अगदी मोजके नगरसेवक. त्या निकालाच्या रात्री आमच्या घरात कुणी नीट जेवलं नाही.

हे सगळं मला माहीत आहे. मी आंधळी नाही. आणि हो, समितीत गट पडले, एकाच वॉर्डात आपलेच दोन-दोन उभे राहिले, हेही मान्य. कुकर-मिक्सर घेऊन मत घालणारे आपल्यातही आहेत, मान्य. पुढं बोलू?

2021 ची लोकसभेची पोटनिवडणूक आठवा. कोविडचे दिवस. समितीनं एका तरुण पोराला उभा केला. पैसा नाही, मोठा नेता नाही, सगळे म्हणाले डिपॉझिट वाचतंय का बघा. त्याला 1 लाख 17 हजारांवर मतं पडली. आणि त्याच्या पुढच्या पहिल्या दोघांत फरक किती? पाच हजारांच्या थोडा वर. पाच हजार म्हणजे आपल्या येळ्ळूरसारख्या एखाद्या मोठ्या गावची मतं. त्यानंतर कित्येक दिवस मोठमोठ्या पक्षांची माणसं मराठीत बोलायला लागली होती, आपल्या देवळांच्या पायऱ्या चढत होती. शिवाजी महाराजांच्या पुतळ्याला हार घालायला रांग लागली होती. कोण म्हणतं फरक पडत नाही? ज्यांना मतं मोजावी लागतात त्यांना विचारा.

आत्तीचं अर्धंच सांगितलं. मतदानाच्या दिवशी आम्ही सकाळी गेलो. रांग शाळेच्या फाटकाबाहेर. एकेका माणसाला आत इतका वेळ लागत होता की रांग पुढंच सरकेना. मतपत्रिका एवढी मोठी होती की टेबलावर पसरायला जागा पुरेना. उन्हं वर आली. दोन-तीन बायका कंटाळून परत गेल्या. आत्ती भिंतीच्या सावलीला टेकून बसली, आणि रांग हलली की मी हाक मारायची. तिचा नंबर आला तेव्हा दुपार टळली होती. आत किती वेळ गेली! अधिकारी वैतागला, बाहेरून हाका मारायला लागला. ती आली तेव्हा घामानं चिंब. बोटाला शाई, आणि त्याच हाताच्या बोटांना सुतानं पडलेले जुने काप. म्हणाली, "गावलं. घडी बसत नव्हती, ती बसवून टाकून आलो."

आमचा उमेदवार पडला. पडणारच होता, अनामतही गेली. रात्री काका तिची चेष्टा करायला लागले, काय गं, तुझा खासदार झाला का? तिनं त्यांच्या पानात भाकरी वाढली आणि म्हणाली, "त्याचं त्यो बघंल. माझं मत मी घालून आलो."

आणि त्या वर्षी आपण एकटे नव्हतो, हेही कुणाला माहीत नसतं. तिकडे आंध्रात नलगोंड्याला 480 उमेदवार उभे होते, फ्लोराइडच्या पाण्यानं लोकांची हाडं वाकली होती म्हणून. तमिळनाडूत मोडाकुरिचीला विधानसभेच्या एका जागेला हजारावर उमेदवार, शेतकऱ्यांचे. एकाच वर्षी, एकमेकांची भाषा न कळणारी माणसं, तीच युक्ती. दिल्लीनं त्यावर काय केलं? लोकसभेची अनामत 500 ची 10 हजार केली आणि अपक्षाला दहा सूचक लावले. आज ती 25 हजार आहे. चीड येते मला याची. प्रश्न ऐकायच्या ऐवजी दाराची उंची वाढवली. (उमेदवार शेकड्यांनी आले तर निवडणूक घेणाऱ्यांचे हाल होतात, हे ठीक आहे. पण पाण्याचं काय झालं, सीमेचं काय झालं?) तरीही 2019 ला बेळगावात परत 57 उमेदवार उभे राहिलेच. एकेका केंद्रावर चार-चार मशिनं लावावी लागली. म्हणजे आपण विसरलो नव्हतो.

आणि हे सगळं फक्त सीमेपुरतं आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी पावसाळ्यात वडगाव-शहापूरच्या शिवारात या. बळ्ळारी नाल्याचं पाणी दरवर्षी भातात शिरतं. रोप लावायचं, कुजलेलं बघायचं, परत लावायचं. नाल्यातली जलपर्णी आणि गाळ कधी काढणार? विचारायचं कुणाला? तालुका पंचायत, जिल्हा पंचायतीची मुदत 2021 ला संपली, आणि तिथून पुढं वर्षानुवर्षं निवडून आलेला माणूसच नाही, सगळं अधिकाऱ्यांच्या हातात. अधिकारी बदलून जातो. त्याला पुढच्या वर्षी आपल्या दारात यायचं नसतं. 2019 च्या ऑगस्टात मागाच्या खड्ड्यांत पाणी भरलं होतं, तेव्हा आम्ही कुणाकुणाकडे गेलो, आणि प्रत्येकानं दुसऱ्याचं दार दाखवलं. तेव्हा मला कळलं, ज्याला आपल्या मताची गरज नाही त्याच्याकडे आपलं काहीच चालत नाही. त्या पाण्यानं मराठी माग आणि कन्नड माग असं काही निवडलं नव्हतं. वहिनींच्या दिरांचेही माग गेले.

म्हणून त्या इंजिनिअर पोराला सांगायचंय, तुझा पगार पुण्याहून येतो, तुला चालेल. तुझ्या आईचं रेशन, तिची पेन्शन, तिच्या दारातलं गटार, तुझ्या चुलत्याचं भात, हे सगळं इथंच आहे. तिच्या वतीनं ‘राहू दे’ म्हणायचा हक्क तुला कुणी दिला?

जरा जास्त बोलले. पोरगा वाईट नाही. लहानपणी गणपतीत आमच्या मंडळाची वर्गणी गोळा करायला सगळ्यात पुढं असायचा. दमलाय. त्याला वाटतं आशा ठेवायची म्हणजे निकाल आपल्यासारखा लागेल असं समजायचं, आणि तसा लागत नाही म्हणून त्यानं सोडून दिलं. आत्तीला तसं कधीच वाटलं नव्हतं. ती 456 मधला आपला एक हुडकायला गेली तेव्हाच तिला माहीत होतं तो पडणार. पुढच्या प्रत्येक निवडणुकीलाही ती गेली, शेवटच्या वेळी आम्ही खुर्चीत बसवून नेली. कुणाला घातलंस विचारलं तर सांगायची नाही. मतदान केंद्रावर एकदा तिची स्लिप सापडेना, कारकून म्हणाला आजी घरी जा. ती बाकावर बसून राहिली, नाव सापडेपर्यंत.

आम्ही निघालो तेव्हा त्या पोराची आई मागोमाग फाटकापर्यंत आली. हळूच म्हणाली, "माझं नाव हाय का बघ की गं." बघितलं. आहे. आडनावात चूक आहे, ती दुरुस्त करायची.

तर आता कामाचं बोलते. रविवारी संध्याकाळी पाचला आम्ही वडगावच्या मंगाई मंदिराच्या आवारात बसतोय. नवीन नाव घालायचं असेल तर फॉर्म 6, नावात-पत्त्यात दुरुस्ती असेल तर फॉर्म 8. येताना आधार कार्डाची झेरॉक्स आणि एक फोटो आणा. ज्यांच्या पोरी या वर्षी अठराच्या झाल्या त्यांनी त्यांना बरोबर आणा, त्यांच्या वतीनं तुम्ही येऊ नका. शहापूर, अनगोळकडचे कुणी येणार असाल तर खाली लिहा, तुमच्या भागाच्या याद्या काढून ठेवते. फॉर्म कन्नडमधला मिळाला तरी काळजी करू नका, आमच्या शेजारच्या वहिनी पेन घेऊन बसणार आहेत, त्या भरून देतील. पाऊस आला तर आमच्या घरी.