जागा बघायला मे महिन्यात जा

परवा ऑफिसातल्या मित्रानं विचारलं, तू सारखा म्हणतोस डिझेल, वीज, गॅस हे सगळं कधीतरी कोलमडणार, मग जायचं कुठे ते तरी सांग. चार वर्षं सुट्टी मिळाली की मी जागाच बघत फिरतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हे डोक्यात शिरलं १२ ऑक्टोबर २०२० ला. सकाळी दहाच्या सुमाराला मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली होती, आठवत असेल. आम्ही ठाण्यात चौदाव्या मजल्यावर. जनरेटर थोडा वेळ चालला मग तोही बंद, लिफ्ट नाही, वरच्या टाकीत पाणी चढेना, घरात आजारी आई. खालून बादल्या भरून जिन्यानं आणल्या आणि तिसऱ्या खेपेला दहाव्या मजल्यावर खाली बसलो तेव्हा कळलं की हे आपलं घर निव्वळ एका पंपाच्या जिवावर उभंय. संध्याकाळी वीज आली. पण श्रीलंकेत २०२२ मध्ये डॉलर संपले तेव्हा पेट्रोलच्या लायनीत माणसं दोन दोन दिवस उभी होती, आणि आपलंही ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून येतं, सिलिंडरमधला निम्म्याहून जास्त गॅस बाहेरचा, युरिया बनतो तोही गॅसपासूनच. एका रात्रीत काही होणार नाही, पण हळूहळू एकेक गोष्ट महाग होत, मिळेनाशी होत जाईल असं मला मनापासून वाटतं.

आता जागा. सगळे म्हणतात कोकणात जा, तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. प्लॉट विकणारे जुलैत नेतात, सगळीकडे हिरवंगार, मागे धबधबा, आपण तिथंच टोकन देऊन मोकळे होतो. असाच एक प्लॉट मी मे महिन्यात परत जाऊन बघितला. कातळ इतका तापलेला की चपलेतून चटके बसत होते, बोअर साडेतीनशे फूट आणि खाली वाडीत टँकरभोवती हंडे लागलेले. जांभ्यात पाणी थांबतच नाही, पडतं ते सगळं समुद्राला जातं. म्हणून मे महिन्यात जा, विहिरीत वाकून बघा. आणि बोअर म्हणजे पाणी नव्हे, सहा इंचाच्या भोकात कळशी जात नाही, वीज नसेल तर पाणी खाली आणि आपण वर.

माझ्या मावशीचं घर दापोली तालुक्यात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, पोफळी काडीसारख्या मोडल्या, कौलं उडाली, वाडीत जवळपास महिनाभर लाईट नव्हती. पण मावशीच्या विहिरीवर जुना रहाट आहे, अख्ख्या आळीनं तिथं पाणी भरलं. मी काळजीनं विचारलं तर म्हणाली, अरे दोर नवा घातलाय, तू तुझं बघ. वरच्या अंगाला पऱ्या म्हणजे ओढा आहे, दिवाळीनंतर त्याला दगडमातीचा बांध घालतात आणि पाटानं पाणी बागेत येतं, आपोआप, उतारानं.

पण नुसतं पाणी असून भागत नाही, ते वाटून घेणारी माणसं लागतात. नगरकडच्या हिवरे बाजार गावाला पाऊस कोकणाच्या पावपटही नाही, तरी गावानं ग्रामसभेत ठरवून शेतीला बोअर बंद केली, ऊस बंद केला, दरवर्षी पाण्याचा हिशोब करून पिकं ठरवतात. क्युबात १९९१ नंतर रशियाचं तेल थांबलं तेव्हा ट्रॅक्टर उभे राहिले आणि पुन्हा बैल जुंपावे लागले, तेव्हा बैल शिकवणाऱ्या म्हाताऱ्यांना शोधत फिरले लोक. मावशीच्या वाडीत आता बैलांची फक्त एक जोडी उरलीय, बाकी सगळे पॉवर टिलर, हे बघून पोटात गोळा येतो.

त्यामुळे एकटं फार्महाऊस, कंपाउंड, सोलर, कुत्रा हा प्लॅन मला अजिबात पटत नाही. पॅनेल चालतील वीसेक वर्षं, इन्व्हर्टर त्याच्या आधीच जाईल, आणि ज्या गावात तुम्हाला कोणी ओळखत नाही तिथं अडीअडचणीला पाणी कोण देणार? शिवाय आपल्याकडे शेतजमीन घ्यायला आधी शेतकरी असावं लागतं, सातबाऱ्यावर वडिलोपार्जित नाव असेल तर ते आत्ताच काढून बघा, चुलत्यांशी बोलणं बंद असेल तर सुरू करा.

मी जमीन घेतली नाही. मावशीच्या आळीत दोन खोल्या भाड्यानं घेतल्यात, महिन्यातून एकदा जातो, बांध घालायला तीन वर्षं न चुकता गेलोय. पहिल्या वर्षी मला नुसते दगड उचलायला ठेवलं होतं. यंदा पाटाच्या पाळ्या ठरवायची बैठक होती, त्याचा फोन मला आला.